कोऱ्या मशीनवर अख्खा डेटाबेस: क्रिएट स्क्रिप्ट काढायची आणि तपासायची रीत

दसरा होऊन आठवडा झाला होता. राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त नुकताच झालेला, आणि काट्यावरचं कॉम्प्युटर बसलं. रात्री लाइन गेली होती. पहाटे आली ती अशी आली की मदरबोर्ड सोबत घेऊन गेली. फाटकापासून रोडपर्यंत गाड्या लागलेल्या. मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, पेनड्राइव्हमंदी बॅकअप तं हाय ना?"

बॅकअप होता. दर शनिवारी घ्यायची सवय मीच लावलेली. पण दुसरं कॉम्प्युटर म्हणजे सरकीच्या पोत्यांमागे ठेवलेलं जुनं विंडोज ७, त्यावर एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस चालवणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) २०१४, फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती. बॅकअप एसक्यूएल सर्व्हर २०१९ चा. रिस्टोअर करायला गेलं की सर्व्हर सांगतो: बॅकअप आवृत्ती १५ चा आहे, मी १२ आहे, जमणार नाही. इथे कुठलीच युक्ती चालत नाही. कम्पॅटिबिलिटी लेव्हल उतरवून घेतलेला बॅकअपही चालत नाही, कारण ती लेव्हल फक्त क्वेरीचं वागणं ठरवते. फाइलची आतली ठेवण नव्या आवृत्तीचीच राहते. विंडोज ७ वर २०१६ किंवा पुढचा सर्व्हर बसत नाही, म्हणजे तोही रस्ता बंद.

उरते स्क्रिप्ट. टेबल, व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी), प्रोसिजर आणि फंक्शन (साठवून ठेवलेले आज्ञांचे संच), ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारी आज्ञा), इंडेक्स (लवकर शोधायची सूची) या सगळ्यांच्या 'क्रिएट' आज्ञा एका साध्या मजकुराच्या फाइलीत. ती जुन्या आवृत्तीवरही चालवता येते. माझ्या लॅपटॉपवर २०१९ होता. तिथे बॅकअप उघडला, स्क्रिप्ट काढली, पेनड्राइव्हवर घेतली आणि मोटरसायकलला किक मारली. तासाभरात काटा सुरू. हंगाम नुकताच लागलेला असल्याने मागचा हिशेब नंतर आणला तरी चालणार होतं. गावं, शेतकरी आणि भाव एवढी टेबलं भरली की झालं. मी चहा घेऊन, स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "भाऊ, कापसाची गंजी तं पत्र्याले भिडली, अन् तुमचं कम्पुटर साठा शून्य दाखवून राह्यलं."

पावत्या बरोबर छापल्या जात होत्या, वजन बरोबर, पैसे बरोबर. पण रिकाम्या गाडीचं वजन झालं की निव्वळ कापूस साठ्याच्या टेबलात चढवणारा ट्रिगर स्क्रिप्टमध्ये आलाच नव्हता. स्क्रिप्ट काढताना एक बटण उघडून बघायचं असतं, ते मी बघितलं नव्हतं. एक्झिक्यूट केल्यावर एकही लाल ओळ आली नाही, म्हणून मी समजलो की सगळं आलं. तेव्हापासून जी रीत पाळतो ती खाली लिहिली आहे. आज्ञा फोनवर काट्यावरच्या पोराला सांगतो तशाच देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं अर्थातच इंग्रजी.

आधी मोजणी

कापूस काट्यावरून गेल्याशिवाय पावती होत नाही, तसं मोजल्याशिवाय स्क्रिप्ट काढायची नाही. मूळ डेटाबेसवर नवी क्वेरी उघडा आणि चालवा:

सिलेक्ट टाइप_डेस्क, काउंट(*) फ्रॉम सिस.ऑब्जेक्ट्स व्हेअर इज_एमएस_शिप्ड = ० ग्रुप बाय टाइप_डेस्क ऑर्डर बाय टाइप_डेस्क;

युजर टेबल किती, व्ह्यू किती, स्टोअर्ड प्रोसिजर किती, ट्रिगर किती, प्रायमरी की (ओळीची ओळख), फॉरेन की (एका टेबलाची दुसऱ्याशी जोडणी), डिफॉल्ट (काही न भरल्यास आपोआप बसणारी किंमत), चेक (किमतीवरची अट) किती, अशी यादी येते. ती वहीत उतरवा. मी खरंच वहीतच उतरवतो, कारण ज्या दिवशी आकडे लागतात त्या दिवशी ते ज्या कॉम्प्युटरवर असतात तेच बंद असतं.

या यादीत काही गोष्टी येत नाहीत. इंडेक्स हे सिस.ऑब्जेक्ट्समध्ये नसतात, ते सिस.इंडेक्सेसमध्ये असतात. तिथून मोजताना ऑब्जेक्ट_आयडी सिस.टेबल्समधला असेल आणि टाइप शून्यापेक्षा मोठा असेल तेवढेच घ्या. शून्य म्हणजे इंडेक्स नसलेलं मोकळं टेबल. अख्ख्या डेटाबेसवर लावलेले डीडीएल ट्रिगरही (टेबल वगैरे बनवलं, बदललं की चालणारे) या यादीत दिसत नाहीत, ते सिस.ट्रिगर्समध्ये पाहावे लागतात. युजर, रोल (हक्कांचे गट) आणि स्कीमा (ऑब्जेक्टचे कप्पे) यांचीही वेगळी नोंद करा.

याच बैठकीत कुलूपबंद प्रोसिजर शोधून घ्या. 'विथ एन्क्रिप्शन' लावून बनवलेल्या प्रोसिजरचा मजकूर सर्व्हर कोणालाही देत नाही, मग स्क्रिप्ट कुठून काढणार?

सिलेक्ट ऑब्जेक्ट_नेम(ऑब्जेक्ट_आयडी) फ्रॉम सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स व्हेअर डेफिनिशन इज नल;

यात नावं आली तर ती प्रोसिजर ज्याने लिहिली त्याच्याकडून मूळ मजकूर मागावा लागेल. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर हे काम हंगामाच्या आधी करा. हंगामात तो माणूस फोन उचलत नाही, आणि उचलला तरी 'उद्या पाहतो' म्हणतो. अर्थात तुमच्या लॉगिनला 'व्ह्यू डेफिनिशन'चा हक्क नसेल तरीही मजकूर दिसणार नाही, काही ऑब्जेक्ट तर यादीतच येणार नाहीत. म्हणून मोजणी आणि स्क्रिप्ट दोन्ही डेटाबेसच्या मालकाच्या लॉगिनने करा. नाहीतर दोन्हीकडे सारखाच कमी आकडा येईल आणि आपण समजू जुळलं.

जनरेट स्क्रिप्ट्स

मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम, पुढे नुसता स्टुडिओ) उघडा. डावीकडे डेटाबेसच्या नावावर राइट क्लिक, त्यात टास्क्स, त्यात जनरेट स्क्रिप्ट्स. त्याच मेनूत वर 'स्क्रिप्ट डेटाबेस अॅज' असंही दिसतं आणि नवीन माणूस हमखास तिथेच जातो. त्यातून फक्त रिकामा डेटाबेस बनवायची आज्ञा मिळते, आतलं एकही टेबल येत नाही. घर बांधायला निघालो आणि कुंपण घालून परत आलो, असा तो प्रकार.

पहिलं पान नुसती ओळख करून देणारं, पुढे जा. दुसऱ्या पानावर दोन पर्याय: अख्खा डेटाबेस, किंवा निवडलेले ऑब्जेक्ट. मी दुसरा घेतो आणि सगळ्या चौकटींवर खूण करतो. पहिल्या पर्यायात स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'क्रिएट डेटाबेस'ची आज्ञा येते आणि तिच्यात जुन्या मशीनवरच्या फाइलींचे पत्ते लिहिलेले असतात. माझ्या लॅपटॉपवरचं डी ड्राइव्हचं फोल्डर जिनिंगच्या कॉम्प्युटरवर कुठून असणार? पहिल्याच आज्ञेला गाडी अडते. त्यापेक्षा नव्या मशीनवर हाताने कोरा डेटाबेस बनवा आणि आतल्या वस्तूंचीच स्क्रिप्ट न्या.

तिसऱ्या पानावर फाइल कुठे ठेवायची ते विचारतात आणि उजवीकडे अॅडव्हान्स्ड नावाचं छोटंसं बटण असतं. माझे दोन दिवस या बटणाने खाल्ले. ते उघडा आणि घाई न करता खाली उतरत जा.

'स्क्रिप्ट ट्रिगर्स' ट्रू करा. ते बरेचदा फॉल्स असतं. कुठल्या आवृत्तीत मूळचं काय असतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही, डोळ्यांनी बघायचं. 'स्क्रिप्ट इंडेक्सेस' ट्रू. नसेल तर डेटाबेस चालेल, पण डिसेंबरात गाड्यांची रांग लागली की पावती निघायला वेळ लागेल आणि कोणाला कारण कळणार नाही. फॉरेन की, चेक, युनिक आणि प्रायमरी की ट्रूच असतात, तरी नजर टाका. मराठी मजकूर शोधण्यासाठी फुल-टेक्स्ट इंडेक्स लावले असतील तर तेही वेगळे चालू करावे लागतात.

'स्क्रिप्ट यूज डेटाबेस' फॉल्स करा. हे सांगताना मी जरा आवाज चढवतो. हे ट्रू असेल तर स्क्रिप्टच्या डोक्यावर 'यूज' आणि पुढे मूळ डेटाबेसचं नाव येतं. तुम्ही त्याच सर्व्हरवर चाचणीसाठी दुसरा कोरा डेटाबेस उघडून, वर त्याचंच नाव निवडून, निर्धास्त एक्झिक्यूट दाबता, आणि पहिलीच ओळ तुम्हाला उचलून चालू डेटाबेसमध्ये नेऊन ठेवते. त्यात 'ड्रॉप अँड क्रिएट' असा पर्याय निवडलेला असेल तर चालू हंगामाची टेबलं पुसून नवी कोरी तयार. म्हणून कोऱ्या मशीनसाठी नुसतं 'क्रिएट' घ्या, 'ड्रॉप'ला हात लावू नका.

'स्क्रिप्ट फॉर सर्व्हर व्हर्जन' मध्ये जिथे न्यायचं ती आवृत्ती निवडा, माझ्या बाबतीत २०१४. पण याने काय होतं हे नीट समजून घ्या. टेबल आणि इंडेक्सच्या आज्ञा त्या आवृत्तीला पचतील अशा लिहिल्या जातात. प्रोसिजरच्या पोटातला मजकूर मात्र तुम्ही लिहिला तसाच राहतो. गावांची नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत आणायला मी एका रिपोर्टमध्ये 'स्ट्रिंग_अॅग' वापरलं होतं. ते २०१७ पासूनचं. 'क्रिएट ऑर ऑल्टर' २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासूनचं, 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' २०१६ चं. हे सगळं २०१४ वर अडतं आणि हाताने बदलावं लागतं.

'स्क्रिप्ट ऑब्जेक्ट-लेव्हल परमिशन्स' मूळचं फॉल्स असतं. आमच्याकडे बहुतेक सॉफ्टवेअर 'एसए' या मालकाच्या लॉगिनवरच चालतं, त्यामुळे कोणाला फरक कळत नाही. ते चूक आहे, पण आहे. तुमच्याकडे काट्यावरच्या माणसाला फक्त पावतीचा हक्क आणि मुनीमजींना भाव बदलायचा हक्क असं वेगळं ठेवलेलं असेल, तर हे ट्रू केल्याशिवाय ते हक्क नव्या मशीनवर जाणार नाहीत.

'इन्क्लूड डिस्क्रिप्टिव्ह हेडर्स' फॉल्स. ट्रू असेल तर प्रत्येक ऑब्जेक्टवर स्क्रिप्ट काढल्याची तारीख-वेळ छापली जाते. मग आजची आणि मागच्या महिन्याची फाइल ताडून पाहिली तर काहीच न बदलताही प्रत्येक ऑब्जेक्ट बदललेला दिसतो.

'टाइप्स ऑफ डेटा टू स्क्रिप्ट' स्कीमा ओन्लीवर, म्हणजे आतला डेटा सोडून नुसत्या सांगाड्यावर, ठेवा. डेटाचं पुढे बोलतो.

फाइल कशी साठवायची

युनिकोड आणि अॅन्सी असे दोन पर्याय दिसतात. युनिकोडच निवडा, विचारसुद्धा करू नका. डिफॉल्टमध्ये, प्रोसिजरमध्ये, पावतीवर छापायच्या मजकुरात कुठे ना कुठे मराठी असतंच. अॅन्सीत साठवलं की 'कळंब' आणि 'बाभूळगाव' यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि तोच मजकूर तसाच नव्या डेटाबेसात बसतो. एकदा प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत मिळत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत भरलेलं असतं. ते डेटाबेसात बघितलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटतो. तो कचरा नाही, त्याला हात लावू नका आणि 'दुरुस्त' तर मुळीच करू नका.

एकच फाइल की प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी? चालवायला एकच फाइल घ्या. त्यात क्रम लावलेला असतो: आधी टेबलं, फॉरेन की शेवटी वेगळ्या 'ऑल्टर टेबल' आज्ञांनी, म्हणून दोन टेबलं एकमेकांकडे बोट दाखवत असली तरी अडत नाही. वेगळ्या फाइलींत हा क्रम मोडतो. पावतीच्या टेबलाची फाइल आधी चालवली आणि शेतकऱ्याचं टेबल अजून बनलंच नाही, की फॉरेन की बोंब मारते. वेगळ्या फाइली जपून ठेवायला आणि कधी काय बदललं ते बघायला चांगल्या. त्या गिटमध्ये (फाइलींचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) ठेवणार असाल तर एक अडचण माहीत असू द्या: स्टुडिओचं 'युनिकोड' म्हणजे यूटीएफ-१६, आणि गिट ते मजकूर न समजता बायनरी समजतं. फरक दाखवतच नाही. आधी यूटीएफ-८ मध्ये बदलून मग ठेवा.

थोडा डेटाही लागतो

कोऱ्या टेबलांवर काटा चालत नाही. गावं, वाहनांचे प्रकार, कापसाच्या प्रती, हमाली-तोलाईचे दर, पावतीचा शेवटचा नंबर ठेवणारं टेबल, सेटिंगचं टेबल, एवढं भरलेलं हवं. पुन्हा जनरेट स्क्रिप्ट्समध्ये जा, फक्त ही टेबलं निवडा, 'डेटा ओन्ली' घ्या आणि दुसरी फाइल करा. प्रत्येक ओळीची एक 'इन्सर्ट' आज्ञा बनते, म्हणून शे-पाचशे ओळींच्या टेबलांसाठी हे ठीक. चार हंगामांच्या पावत्या अशा काढायला बसाल तर फाइल एवढी फुगेल की स्टुडिओत उघडणारही नाही. त्यासाठी बीसीपी, म्हणजे डेटा घाऊक काढायचं-भरायचं साधन, वापरा.

एक बारकावा. नव्या पावत्यांना आपोआप नंबर देणारा आयडेंटिटी कॉलम स्क्रिप्टमध्ये मूळच्या सुरुवातीसह येतो, बहुधा एकपासून. मूळ डेटाबेसात तो कुठवर पोचला होता हे स्कीमाच्या स्क्रिप्टला माहीत नसतं. जुन्या पावत्या नंतर आणून जोडायच्या असतील तर नव्या मशीनवर पहिली गाडी काट्यावर घेण्याआधी 'डीबीसीसी चेकआयडेंट'ने नंबर पुढे सरकवून ठेवा. नाहीतर एकाच नंबरच्या दोन पावत्या, आणि त्या दोन शेतकऱ्यांच्या हातात.

चालवणं

नव्या मशीनवर कोरा डेटाबेस बनवा. बनवताना कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) मूळच्याशी जुळवा. ते वेगळं पडलं तर टेबलं बनतात, प्रोसिजर बनतात, आणि एखाद्या रिपोर्टमध्ये तात्पुरतं टेबल जोडताना 'कोलेशन कॉन्फ्लिक्ट' म्हणून थांबतं. तात्पुरती टेबलं सर्व्हरचं कोलेशन घेतात, तुमच्या डेटाबेसचं नाही, म्हणून सर्व्हर बसवतानाच ते पाहिलेलं बरं.

फाइल छोटी असेल तर स्टुडिओत उघडून चालवा. मी मात्र काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) चालवतो, कारण तिथे चूक झाली की थांबायला सांगता येतं. आज्ञेचं नाव एसक्यूएलसीएमडी. पुढे वजा-चिन्ह लावून मोठा एस आणि सर्व्हरचं नाव, मोठा ई म्हणजे विंडोजच्याच लॉगिनने आत घे, छोटा डी आणि डेटाबेसचं नाव, छोटा आय आणि स्क्रिप्टची फाइल, छोटा ओ आणि निकाल लिहायची फाइल, आणि शेवटी छोटा बी. हा बी महत्त्वाचा. तो नसेल तर पहिल्या चुकीनंतरही पुढचं चालत राहतं आणि शेवटी पन्नास चुका दिसतात, त्यातल्या एकोणपन्नास पहिलीच्या पोरी.

स्क्रिप्टच्या मध्ये मध्ये 'गो' असं एकटंच लिहिलेलं दिसेल. ती डेटाबेसची आज्ञा नाही, इथपर्यंतचा गठ्ठा पाठव असा स्टुडिओला आणि एसक्यूएलसीएमडीला दिलेला इशारा आहे. ओळी वाचवायला म्हणून ते काढू नका. 'क्रिएट प्रोसिजर' ही तिच्या गठ्ठ्यातली पहिलीच आज्ञा असावी लागते. तसंच प्रत्येक प्रोसिजरच्या आधी येणाऱ्या 'सेट कोटेड_आयडेंटिफायर ऑन' या ओळीही ठेवा. एसक्यूएलसीएमडी ती सेटिंग मुळात बंद ठेवूनच सुरू होतं, आणि बंद असताना बनलेली प्रोसिजर तशीच लक्षात राहते. पुढे फिल्टर लावलेला इंडेक्स असलेल्या टेबलात ती लिहायला गेली की अडते. स्वतः हाताने फाइली जोडून चालवणार असाल तर आज्ञेत मोठा आय घाला म्हणजे ती सेटिंग चालू होते.

पुन्हा मोजणी

वही काढा. वरची मोजणीची क्वेरी नव्या डेटाबेसवर चालवा आणि ओळ ओळ ताडा. ट्रिगर मूळमध्ये ७ आणि इथे ० असं त्या दिवशी मला दिसलं असतं, मोजलं असतं तर. डिफॉल्टची नावं जुळली नाहीत तर घाबरू नका. स्वतः नाव न दिलेल्या डिफॉल्टला सर्व्हर दोन अंडरस्कोर आणि वेडेवाकडे आकडे घालून नाव देतो. संख्या जुळते का तेवढं पाहा.

संख्या जुळली तरी काम संपत नाही. प्रोसिजर बनताना तिच्यातलं टेबल अस्तित्वात नसेल तरी सर्व्हर ती बनवून मोकळा होतो आणि चालवायच्या वेळी बघू म्हणतो. व्ह्यू असं सहन करत नाही, म्हणून व्ह्यूची चूक लगेच दिसते आणि प्रोसिजरची महिनाभराने, हिशेबाच्या दिवशी. हवेत लटकलेले संदर्भ असे शोधा:

सिलेक्ट ऑब्जेक्ट_नेम(रेफरन्सिंग_आयडी), रेफरन्स्ड_एंटिटी_नेम फ्रॉम सिस.एसक्यूएल_एक्स्प्रेशन_डिपेन्डन्सीज व्हेअर रेफरन्स्ड_आयडी इज नल अँड रेफरन्स्ड_डेटाबेस_नेम इज नल;

यात काही निरुपद्रवी नावं येतात. मूळ डेटाबेसवरही हीच क्वेरी चालवा. जे तिथे नाही आणि इथे आहे, ते खरं दुखणं. मूळवरच एखाद्या केव्हाच पुसलेल्या टेबलाचं नाव निघालं तर ती मेलेली प्रोसिजर आहे, ती काढून टाकायची संधी साधा.

मग एक गाडी खोटी-खोटी काट्यावर चढवा. भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा कापून निव्वळ, पावती, आणि शेवटी साठ्याचं टेबल उघडून बघा की तेवढेच किलो तिथे चढले का. हे पाच मिनिटांचं काम आहे. चाचणीची पावती नंतर पुसा, आणि वर सांगितलेला आयडेंटिटीचा नंबर ही पावती पुसून झाल्यावरच एकदा पक्का करा.

डेटाबेसच्या बाहेर राहिलेलं

लॉगिन हे सर्व्हरचे असतात, युजर डेटाबेसचे. स्क्रिप्टने युजर येतात, लॉगिन येत नाहीत, आणि 'स्क्रिप्ट लॉगिन्स' ट्रू केलं तरी पासवर्डाच्या लॉगिनला मनाला येईल तो पासवर्ड देऊन वर बंद करूनच स्क्रिप्टमध्ये घातलेलं असतं. ते बरोबरच आहे, नाहीतर पेनड्राइव्हवरून पासवर्ड फिरले असते. नव्या मशीनवर लॉगिन हाताने बनवा आणि 'ऑल्टर यूजर ... विथ लॉगिन'ने जोडून द्या. लिंक्ड सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरशी केलेल्या जोडण्या, याही बाहेरच राहतात. ठरलेल्या वेळी चालणारी कामं एक्स्प्रेसमध्ये नसतातच, कारण ती चालवणारा एजंट हा भाग त्यात नाही. ती विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये असतात आणि ती तिथून वेगळी काढून न्यावी लागतात. आमचा रात्रीचा बॅकअप असाच दहा दिवस बंद होता.

दुसऱ्या डेटाबेसांचं थोडक्यात

मायएसक्यूएलला मायएसक्यूएलडंप आहे. 'नो-डेटा' हा पर्याय दिला की नुसता सांगाडा निघतो. ट्रिगर आपोआप येतात, पण प्रोसिजर-फंक्शन येत नाहीत. त्यासाठी 'रूटीन्स' आणि ठरलेल्या वेळच्या कामांसाठी 'इव्हेंट्स' असं वेगळं सांगावं लागतं. म्हणजे इथली खोड तिथल्या उलट. शिवाय प्रत्येक प्रोसिजर, ट्रिगर आणि व्ह्यूवर 'डिफाइनर' म्हणून बनवणाऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. तो युजर नव्या सर्व्हरवर नसेल तर वस्तू तयारच होत नाही, किंवा तयार झाली तरी चालत नाही. आमच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची साइट होस्टिंगवर चढवताना हेच झालं होतं.

पोस्टग्रेसमध्ये पीजी_डंप, त्याला 'स्कीमा-ओन्ली'. क्रम तोच लावतो, आणि हे काम सगळ्यांत नीट तोच करतो असं माझं मत. एकच स्कीमा हवी तर छोटा एन आणि तिचं नाव. पण मग ती स्कीमा दुसऱ्या ज्या स्कीमावर किंवा एक्स्टेन्शनवर टेकलेली असेल ते तो आणत नाही. रोल वेगळे, पीजी_डंपऑलला 'रोल्स-ओन्ली' सांगून.

ओरॅकलमध्ये डीबीएमएस_मेटाडेटा पॅकेजातलं गेट_डीडीएल. त्याला ऑब्जेक्टचा प्रकार, नाव आणि स्कीमा दिलं की मजकूर मिळतो. युजर_ऑब्जेक्ट्समधून नावं घेऊन ते सगळ्यांवर फिरवायचं. 'पॅकेज बॉडी' युजर_ऑब्जेक्ट्समध्ये मध्ये जागा सोडून असते आणि गेट_डीडीएलला अंडरस्कोरने लागते, तिथे नवखा अडतो. एसक्यूएल प्लसमध्ये 'सेट लाँग' मोठा आकडा देऊन ठेवला नाही तर मजकूर मध्येच तुटतो. आणि सेट_ट्रान्सफॉर्म_पॅरमने 'एसक्यूएलटर्मिनेटर' चालू केलं नाही तर आज्ञांच्या शेवटी अर्धविराम येत नाहीत.

कधी काढायची

टेबलाला एक कॉलम वाढवला तरी त्याच दिवशी नवी स्क्रिप्ट, हा नियम मी पाळायचा प्रयत्न करतो आणि अर्ध्या वेळा चुकतो. न चुकणारं असं एकच: पोळा झाला की पुढच्या रविवारी जिनिंगमध्ये जातो, सरकीच्या पोत्यांमागचं ते जुनं कॉम्प्युटर पुसून चालू करतो, त्यावरचा जुना डेटाबेस काढून टाकतो आणि ताज्या स्क्रिप्टने नवा उभा करतो. काट्यावरचा पोरगा खोटी गाडी चढवतो, मुनीमजी साठ्याचा आकडा स्वतः वाचतात. यंदा त्यांनी आकडा वाचला, वहीत सही केली आणि म्हणाले, "आता पावतीवर मिलचं नाव तं सुधरवा, 'जिनींग' लिवून हाय." ते डिफॉल्टमध्ये होतं. दुरुस्त केलं, आणि स्क्रिप्ट पुन्हा काढावी लागली.